कोपऱ्यातला गडी

थंडीच्या दिवसांत भाताची मळणी उरकली, की आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरील गावागावांत रात्री उजळू लागतात. अलिबागपासून रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धनपर्यंत कुठे ना कुठे मोकळ्या शेतात माती दाबून मैदान आखलेले असते, बांबूंवर दिवे टांगलेले असतात आणि कर्ण्यावरून संघांची नावे पुकारली जात असतात. कोळी, आगरी, कुणबी, मुसलमान आणि आम्ही ख्रिस्ती, सगळे एकाच दोरीला टेकून उभे राहतो. जुनी माणसे या खेळाला अजूनही हुतूतू म्हणतात. माझ्या धर्मग्रामातील माणसे संध्याकाळच्या रोझरीला जितकी येत नाहीत तितकी या सामन्यांना जातात. ही मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या दोरीपाशी मीही उभा असतो.

या गर्दीत कान देऊन ऐकले तर एक शब्द वारंवार कानी पडतो. समोरच्या संघाचा गडी दम घेऊन आपल्या अंगणात शिरला, की शेकडो कंठांतून एकच हाक उठते : "धर!" या दोन अक्षरी हाकेने माझ्या मनात गेली काही वर्षे एक प्रश्न ठाण मांडून बसवला आहे. दुसऱ्याला अडवण्यासाठी स्वतःचे शरीर पणाला लावणे हा सद्गुण आहे, की ती केवळ बळाची चैन आहे? आणि असे शरीर पणाला लावणाऱ्याकडून, दोरीबाहेर सुरक्षित उभे राहून, आपण किती मागू शकतो? पहिला प्रश्न मला गुरुविद्यालयात शिकलेल्या तत्त्वज्ञानाच्या आधारे सोडवता आला. दुसरा मात्र एका मुलाच्या गुडघ्याने माझ्यापुढे ठेवला, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

*

कबड्डीत चढाई करणाऱ्याचे नाव लवकर होते. तो एकटा जातो, सर्वांचे डोळे त्याच्यावर असतात, आणि हात लावून मध्यरेषेवर परतला की टाळ्या त्याच्याच असतात. बचाव करणाऱ्यांचे तसे नाही. ते सात असतात, हातात हात गुंफून साखळी करतात, आणि बहुतेक वेळ मागे सरत, वाट पाहत काढतात. त्यातही कोपऱ्यात उभा राहणारा गडी विशेष. बोनससाठी पाय पुढे टाकणाऱ्या चढाईपटूचा घोटा धरायचा तो त्याने. जमिनीलगत झेप घ्यायची, समोरच्याची टाच आपल्या तोंडाजवळून जात असता हात सोडायचा नाही, आणि साथीदार येऊन पोहोचेपर्यंत त्याचे सारे वजन एकट्याने पेलायचे. झेप चुकली तर तो स्वतः बाद होतो. साधली तरी पुष्कळदा टाळी मागून येऊन आडवे पाडणाऱ्याला मिळते.

या खेळाचे नियम वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चढाई करणाऱ्याला अडवण्याची परवानगी आहे, पण त्याचे तोंड दाबण्याची नाही. त्याचा गळा आवळता येत नाही. पायांची कात्री घालता येत नाही. हेतुपुरस्सर ढकलून त्याला मैदानाबाहेर घालवता येत नाही, आणि इजा होईल अशा रीतीने पकडताही येत नाही. म्हणजे त्याची चाल थांबवायची, पण त्याचा श्वास कोंडायचा नाही. 'कबड्डी, कबड्डी' हा त्याचा घोष त्याचा स्वतःचा दम संपल्याने थांबला पाहिजे. माझ्या हाताने त्याच्या तोंडात तो दाबला जाता कामा नये. आमच्या आजोबा-पणजोबांनी माती उधळत खेळलेल्या खेळात ही मर्यादा कोणी आणि केव्हा घातली हे सांगता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात या खेळाचे नियम सूत्रबद्ध होऊ लागले. पण ज्यांनी ती घातली त्यांना प्रतिस्पर्धी आणि शत्रू यांतला भेद नक्कीच ठाऊक होता.

आणखी एक नियम याहून सुंदर आहे. पकड यशस्वी झाली की पकडलेला गडी बाद होतो, आणि त्याच क्षणी पकडणाऱ्या संघाचा आधी बाद झालेला एक गडी उठून मैदानात परत येतो. पूर्वी या खेळाचे गामिनी, अमर आणि संजीवनी असे प्रकार होते. गामिनीत बाद झालेला परतत नसे, अमरमध्ये कोणी बाहेरच जात नसे. संजीवनीत मात्र एकाच्या पराक्रमाने दुसरा जिवंत होई. आजची कबड्डी मुख्यतः या संजीवनीवर उभी आहे. त्यामुळे कोपऱ्यातल्या गड्याची झेप केवळ कोणाला थांबवण्यासाठी नसते. बाहेर रेषेपाशी खाली मान घालून बसलेला आपला एक भाऊ आत यावा म्हणूनही ती असते. दर पास्काच्या रात्री पुनरुत्थानाची घोषणा करणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाहून काही आठवले नाही तरच नवल.

*

आता पहिला प्रश्न. अडवणे हा सद्गुण असू शकतो का? आपल्याला धावणारा, चढणारा, जिंकून घेणारा माणूस शूर वाटतो. थांबून राहणारा माणूस फार तर सहनशील वाटतो, आणि सहनशीलता ही आपण दुबळ्यांच्या पदरी टाकलेली वस्तू आहे. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात धैर्याचा विचार करताना नेमके उलट मत मांडले आहे. धैर्याच्या दोन कृती आहेत, असे ते म्हणतात : चाल करून जाणे आणि तग धरणे. या दोहोंत तग धरणे ही धैर्याची मुख्य कृती होय. त्यांची कारणे तीन आहेत. चाल करून जाणारा स्वतःला वरचढ मानून जातो, तर तग धरणाऱ्यावर त्याच्याहून प्रबळ वाटणारे संकट चालून आलेले असते. चाल करणाऱ्याला धोका पुढे कोठेतरी दिसत असतो, तर तग धरणाऱ्याच्या अंगाला तो आताच भिडलेला असतो. आणि चाल एका झटक्यात करता येते, पण तग धरायला वेळ सोसावा लागतो.

हे तर्कशास्त्र मी विशीत पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र मला पन्नाशीत, मातीच्या मैदानाच्या कडेला उमगला. चढाईला तीस सेकंद असतात. बचावाला अख्खा सामना. मराठीत तर आपण 'तग धरणे' असेच म्हणतो, 'धीर धरणे' असेच म्हणतो. 'धर्म' हा शब्दही 'धृ', म्हणजे धरणे, याच धातूपासून आला आहे. संत पौल यांनी करिंथकरांना लिहिताना धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दृष्टांत दिला हे आपण पुष्कळ प्रवचनांत ऐकतो. पण इफिसकरांना आत्मिक शस्त्रसामग्रीविषयी लिहिताना ते पुन्हापुन्हा एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे उभे राहा. तेथे पुढे धावण्याची आज्ञा नाही. आपली जागा न सोडण्याची आहे.

या सद्गुणाला आपल्या काळात भावही मिळू लागला. २०१४ मध्ये आठ संघांनिशी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि शेतातला खेळ मॅटवर, दूरदर्शनच्या पडद्यावर आला. २०१८ च्या लिलावात एक कोटी रुपयांचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू चढाईपटू नव्हता. तो होता फझल अत्राचली, इराणचा कोपरारक्षक, आणि त्याला घेतले ते आपल्या यू मुंबाने. २०१५ मध्ये तो याच संघातून लीगमध्ये आला होता. पुढे त्याने मुंबईचे आणि २०२२ मध्ये पुण्याच्या संघाचे नेतृत्व केले, आणि त्याच वर्षी मनजीत छिल्लरला मागे टाकून लीगमध्ये पकडींचे सर्वाधिक गुण मिळवणारा बचावपटू ठरला. दरम्यान २०१८ च्या ऑगस्टमध्ये जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत एक विलक्षण गोष्ट घडली. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारताला उपांत्य सामन्यात इराणने २७–१८ असे हरवले. त्या इराणी संघात फझल होता. हरलेल्या भारतीय संघात आपला महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक होता. काही आठवड्यांनी लीगचा नवा हंगाम सुरू झाला आणि ज्याने भारताचा पराभव केला त्याच फझलसाठी मराठी माणसे घसा फोडून ओरडू लागली. याला कोणी निष्ठेचा अभाव म्हणेल. मला मात्र त्यात खेळाचे आरोग्य दिसते. ज्याने काल आपल्याला अडवले त्याच्यावर आज प्रेम करता येते, एवढे तरी हा खेळ आपल्याला शिकवतो.

तामिळनाडूच्या धर्मराज चेरलाथनचे उदाहरण तर तग धरण्याचा वस्तुपाठच आहे. १९७५ चा जन्म, २०१६ च्या विश्वचषक विजेत्या भारतीय संघात स्थान, आणि २०१९ मध्ये वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो लीगमध्ये आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलांचे पाय धरीत होता. अशी कारकीर्द पाहिली म्हणजे वाटते, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. संयमाने, नियमात राहून, भावासाठी केलेला अडथळा हा सद्गुणच आहे.

*

परंतु चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत सर्वांचे शरीर साथ देत नाही.

माझ्या धर्मग्रामात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. वडील मच्छीमार, आई टोपली घेऊन बाजारात बसणारी. लहानपणी वेदीसेवक म्हणून माझ्याबरोबर उभा राहत असे, आणि घंटा वाजवण्यात हमखास चुकत असे. वीस-बावीसाव्या वर्षी तो आमच्या गावच्या संघाचा उजवा कोपरा झाला. त्याच्या पकडीची कीर्ती पाच-दहा गावांत होती. एकदा आमचा संघ चषक जिंकून आला तेव्हा रविवारच्या मिस्सानंतर मी त्याला पुढे बोलावून सर्वांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्याची आई पहिल्याच बाकावर होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्सा संपल्यावर ती सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन म्हणाली, "फादर, त्याला तुम्हीच सांगा. तो रात्री झोपेत गुडघा धरून कण्हतो." मी तिला समजावले, की खेळ ही देवाची देणगी आहे, तरुण रक्त आहे, दुखणी येतात नि जातात.

पुढच्या मोसमात एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो स्वतः आला. आम्ही चर्चच्या व्हरांड्यात बसलो होतो. "फादर," तो म्हणाला, "गुडघा सुटल्यासारखा वाटतो. उद्या उतरू का नको?" मला आठवते, मी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलेदेखील नाही. आमचे गाव त्या स्पर्धेत प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचले होते. मी म्हणालो, "एवढा एक सामना खेळ, मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी दोरीपाशी होतो, आणि मीही 'धर' म्हणून ओरडलो. त्याने धरले. समोरचा गडी त्याच्या अंगावर कोसळला, मागून आमचेच दोघे आले, आणि चौघांच्या त्या ढिगाखालून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकू नये. गुण आम्हाला मिळाला. आमचा एक बाद गडी उठून आत आला. उजवा कोपरा मात्र खांद्यावरून बाहेर नेण्यात आला, आणि त्यानंतर तो कोणत्याही मैदानावर उतरला नाही. गुडघ्यातील अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रियेसाठी आईने बांगड्या मोडल्या आणि वडिलांनी जाळ्यासाठी ठेवलेले पैसे काढले. आम्ही, ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, वर्गणी काढली. ती किती जमली हे सांगायला मला लाज वाटते. चषक अजूनही एका कपाटात आहे.

*

या घटनेनंतर मी अशा खेळाडूंच्या आयुष्यांविषयी जे मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचत वाचत अमेरिकेपर्यंत पोहोचलो. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तो लांबट चेंडू बहुधा हातात घेऊन पळण्याचा खेळ आहे, आणि त्यात पळणाऱ्याला अडवून पाडण्यासाठी बचावाचे अकरा गडी वेगळे असतात. या बचावपटूंपैकी दोघांच्या कथा मी शेजारी शेजारी ठेवल्या. दोघेही नोत्र दाम या कॅथोलिक विद्यापीठाचे विद्यार्थी, दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही आपापल्या काळातले मोठे खेळाडू.

पहिला अॅलन पेज. १९६७ पासून तो मिनेसोटाच्या संघात बचावाच्या आघाडीवर खेळला, आणि १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हा मान मिळवणारा पहिला बचावपटू ठरला. खेळत असतानाच तो कायदा शिकत होता. १९७८ मध्ये पदवी घेतली. १९९३ मध्ये तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला आणि २०१५ पर्यंत त्या आसनावर होता. त्याने गरीब मुलांच्या शिक्षणासाठी निधीही उभारला.

दुसरा डेव्ह ड्यूरसन. अर्थशास्त्राचा हुशार पदवीधर. शिकागो आणि न्यू यॉर्क अशा दोन विजेत्या संघांतून तो खेळला. निवृत्त खेळाडूंच्या अपंगत्वाच्या दाव्यांचा निर्णय करणाऱ्या मंडळावरही तो बसत असे. पुढे त्याची स्मृती आणि मन ढासळू लागले, आणि २०११ च्या फेब्रुवारीत, पन्नासाव्या वर्षी, त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपवले. जाण्यापूर्वी त्याने लिहून ठेवले होते, की आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा. बॉस्टन विद्यापीठातील तपासणीत, वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा विकार त्यात आढळला. हाच विकार २००२ मध्ये पिट्सबर्ग शहरात एका मृत खेळाडूच्या मेंदूत प्रथम ज्याला दिसला तो डॉक्टर बेनेट ओमालू नायजेरियात जन्मलेला, श्रद्धावान कॅथोलिक. त्याने २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला तेव्हा त्याला शाबासकी नव्हे, विरोध मिळाला. ड्यूरसनच्या आत्म्यासाठी मी एक मिस्सा अर्पण केला. त्याचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या दोघांपैकी एक शहाणा आणि दुसरा चुकलेला, असा सोपा धडा मी येथे काढत नाही. दोघेही शूर होते, दोघांनीही तोच खेळ तितक्याच निष्ठेने खेळला. कोणत्या धक्क्याने कोणाच्या मेंदूत काय घडेल हे मैदानावर कोणालाच दिसत नव्हते. फरक एवढाच करता येतो, की धोका ठाऊक नसताना केलेला जयघोष आणि ठाऊक झाल्यानंतर केलेला जयघोष यांचे नैतिक वजन सारखे नसते. माझ्या व्हरांड्यातही हेच घडले होते. आईने सांगितले होते, मुलाने सांगितले होते. मला ठाऊक होते.

*

ख्रिस्तसभा खेळाविरुद्ध नाही. मनाला विश्रांती देणारा खेळ सद्गुणाचा भाग असू शकतो, आणि लोकांना रंजवणे हा ज्याचा व्यवसाय आहे तो त्या व्यवसायामुळे पापी ठरत नाही, असे संत थॉमस स्पष्ट म्हणतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोमच्या ऑलिम्पिक मैदानावर खेळाडूंची ज्युबिली साजरी केली. व्हॅटिकनने १ जून २०१८ रोजी खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात खेळाची मनापासून स्तुती आहे; पण जो खेळ शरीराला अटळपणे गंभीर इजा करतो त्याचे नैतिक समर्थन करता येत नाही, आणि मेंदूच्या इजेसारख्या गोष्टी कळून आल्यावर समाजातील सर्वच घटकांनी माणसाच्या आरोग्याला प्रथम स्थान दिले पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. 'सर्वच घटकांनी' यात दोरीबाहेरचे आपणही आलो.

यावर मला दोन आक्षेप ऐकावे लागले. पहिला आमच्या गावच्या एका जाणत्या गृहस्थाचा : "त्याला कोणी जबरदस्ती केली होती का? तो आपल्या मर्जीने खेळला." गोष्ट खरी आहे. परंतु मर्जी म्हणजे काय? संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त अलिपियस नावाच्या मित्राची हकिकत सांगितली आहे. मित्रांनी त्याला ओढून रोमच्या आखाड्यात नेले. रक्तपात पाहायचा नाही म्हणून तो डोळे मिटून बसला. पण गर्दीची एक आरोळी कानावर आली, त्याने डोळे उघडले, आणि तो त्या क्रूर नशेत बुडाला. नुसता पाहणारा मनुष्य जर एका आरोळीने स्वतःचा राहत नाही, तर ज्याच्या नावाने ती आरोळी उठते त्या बावीस वर्षांच्या पोराची मर्जी कितीशी मोकळी असेल? स्वातंत्र्य त्याच्यापाशी होते. पण ते टिकवायला त्याला मदत करणे हे माझे काम होते, आणि मी गर्दीच्या बाजूने बोललो.

दुसरा आक्षेप खुद्द त्याच्या वडिलांचा, आणि तो अधिक कठीण आहे. शस्त्रक्रियेनंतर मी भेटायला गेलो तेव्हा ते जाळे विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "फादर, मी पावसाळ्याच्या तोंडाशी होडी लोटतो तेव्हा माझ्या अंगाची चिंता कोण करतो? मासळी तर सगळेच खातात." मी निरुत्तर झालो. खरोखर, आपल्या ताटातील किती घास दुसऱ्याच्या कंबरेतून, फुफ्फुसातून, डोळ्यांतून येतात! मग खेळाडूचाच एवढा कळवळा का?

पुष्कळ विचार करून मला असे वाटते. मच्छीमाराचा धोका भाकरीसाठी आहे, खेळाडूचा आपल्या आनंदासाठी. भाकरीवाचून राहता येत नाही. एका चषकावाचून राहता येते. म्हणून खेळात 'आज नको' म्हणण्याची मोकळीक अधिक, आणि ती नाकारण्याचा दोषही अधिक. पण त्या वडिलांचे म्हणणे यामुळे खोटे ठरत नाही, उलट ते रुंद होते. ज्याच्या शरीराच्या झिजेतून आपल्याला अन्न वा आनंद मिळतो त्याचे आपण देणेकरी आहोत. होडीवाल्याचे देणे आपण विसरलो, म्हणून कबड्डीवाल्याचेही विसरावे, असे नाही, दोन्ही आठवावीत.

हे देणे फेडण्याचे मार्ग मोठे नाहीत. स्पर्धा भरवणाऱ्यांनी रोख बक्षिसाची रक्कम वाढवण्यापूर्वी मैदानाशेजारी डॉक्टर आणि वाहन उभे करावे. बक्षिसातील काही वाटा दुखापतींसाठी बाजूला ठेवावा. खेळाडूंचा विमा उतरवावा. दुखणाऱ्या गड्याला बसवण्याचा अधिकार कर्णधाराच्या वर कोणाकडे तरी असावा, आणि बसलेल्याला भित्रा म्हणणाऱ्याला गावाने गप्प करावे. आमच्या धर्मग्रामात आम्ही यातले दोन-तीन प्रयोग सुरू केले आहेत. ते अपुरे आहेत. आणि माझ्यासारख्या धर्मगुरूने, व्हरांड्यात बसलेल्या मुलाच्या गुडघ्याकडे आधी पाहावे.

*

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची कथा आहे. याब्बोकच्या उताराशी तो रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजला. पहाट होऊ लागली तरी त्याने हात सोडला नाही. आशीर्वाद मिळाल्याशिवाय सोडणार नाही, असा हट्ट धरला. पवित्र शास्त्रातली ही सर्वांत मोठी पकड होय. आशीर्वाद मिळाला, नवे नाव मिळाले; पण मांडीचा सांधा निखळला, आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. या कथेवर मी अनेकदा प्रवचन केले आहे, आणि दर वेळी आशीर्वादावर भर दिला आहे. शास्त्र मात्र लंगडण्याचाही उल्लेख करते, आणि इस्राएल लोकांनी त्या सांध्याची आठवण आपल्या जेवणाच्या नियमातही जपली असे सांगते. त्यांनी आपल्या पूर्वजाच्या विजयाबरोबर त्याची जखमही लक्षात ठेवली. आम्ही फक्त चषक ठेवला.

गेल्या वर्षी मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो आता एका दुकानात काम करतो, आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात लहान मुलांना पकडी शिकवतो. उजवा पाय किंचित ओढत चालतो. मी त्याला व्हरांड्यातील त्या संध्याकाळची आठवण दिली. तो हसला. "फादर," तो म्हणाला, "तुम्ही नको म्हटलं असतंत तरी मी उतरलोच असतो."

त्याने हे माझ्या सांत्वनासाठी म्हटले, हे मला समजते. कदाचित ते खरेही असेल. पण मी घरी येताना विचार करीत होतो, की तो उतरलाच असता हा त्याचा प्रश्न होता. मी नको म्हणायला हवे होते हा माझा. त्याच्या उत्तराने माझा प्रश्न मिटत नाही.

मी अजूनही सामने पाहायला जातो. गेल्या थंडीत त्याच्या हाताखालची मुले खेळत होती. विश्रांतीच्या वेळी त्यांचा कोपऱ्यातला पोरगा मनगट चोळत बाहेर आला, तेव्हा त्याने त्याचा हात आपल्या हातात घेतला, बोटे एकेक करून वाकवून पाहिली, आणि काही न बोलता त्याला बाकावर बसवले. गर्दीतून कोणीतरी ओरडले. त्याने मान वळवली नाही. त्याचा संघ त्या दिवशी हरला.